कोर्टापेक्षा पडदा मोठा

टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या एटी अँड टी स्टेडियममध्ये छताखाली टांगलेला व्हिडिओचा पडदा १६० फूट लांब आणि ७२ फूट उंच आहे. बास्केटबॉलचं कोर्ट ९४ बाय ५० फूट. म्हणजे अख्खं कोर्ट उचलून त्या पडद्यावर चिकटवलं तरी चारी बाजूंनी जागा उरेल. एप्रिल २०१४ मध्ये कनेक्टिकट आणि केंटकी यांच्यातला कॉलेज बास्केटबॉलचा अंतिम सामना याच पडद्याखाली झाला, तोही ७९,२३८ लोकांसमोर. वरच्या मजल्यावरच्या माणसाने तिकीट काढलं सामन्याचं आणि पाहिला बहुतेक पडदाच.

मार्च उजाडला की अमेरिकेत हा वाद पुन्हा निघतो. ‘फायनल फोर’, म्हणजे उपांत्य आणि अंतिम फेरीचे सामने, अमेरिकन फुटबॉलच्या अवाढव्य स्टेडियममध्ये का भरवायचे? गाडी मग हमखास तिथे खेळाडूंचा नेम चुकतो या तक्रारीशी येऊन अडते. मला तो मुद्दा दुय्यम वाटतो, पण आधी हा खेळ तिथे पोचला कसा ते पाहू.

बास्केटबॉल जन्माला आलाच मुळी चार भिंतींच्या आत. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्ड इथे, बाहेर हिवाळा असताना, जेम्स नायस्मिथ यांना व्यायामशाळेत कोंडलेल्या १८ तरुणांना गुंतवून ठेवायचं होतं. त्यांनी गॅलरीच्या कठड्याला पीचच्या टोपल्या ठोकल्या. पुढे १९३९ मध्ये एनसीएएची, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेची, पहिली स्पर्धा झाली. तिचा अंतिम सामना इव्हॅन्स्टनमधल्या एका विद्यापीठाच्या जिममध्ये झाला आणि हिशेब जुळवल्यावर आयोजक प्रशिक्षक संघटनेला २,५३१ डॉलरचा तोटा निघाला. नंतरची कित्येक वर्षं कॅन्सस सिटीचं म्युनिसिपल ऑडिटोरियम हे या स्पर्धेचं जणू माहेर होतं. तिथे नऊ अंतिम सामने झाले. प्रेक्षक दहा हजारांच्या आसपास, आणि पहिल्या रांगेतल्याला बुटांची करकर ऐकू येईल इतका जवळ.

हे गणित बदललं २० जानेवारी १९६८ रोजी, आणि तेही अंतिम सामन्याने नव्हे, हंगामातल्या एका साध्या लढतीने. ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये, म्हणजे छत असलेल्या अवाढव्य स्टेडियममध्ये, पहिल्या क्रमांकाचं लॉस एंजेलिसचं विद्यापीठ यूसीएलए आणि दुसऱ्या क्रमांकाचं ह्यूस्टन विद्यापीठ समोरासमोर आले. दोघेही त्या हंगामात अपराजित, यूसीएलए तर सलग ४७ सामने जिंकून आलेलं. डोममध्ये बास्केटबॉलचं कोर्ट नव्हतंच. लाकडी फ्लोअर लॉस एंजेलिसहून आणून मैदानाच्या मधोमध जोडला. त्याच्या चहूकडे नुसती मोकळी जमीन आणि सगळ्यात जवळची खुर्ची शंभराहून अधिक फूट लांब. कबड्डीची मॅट वानखेडेच्या खेळपट्टीवर अंथरावी, तसला प्रकार. लोक दुर्बिणी घेऊन आले होते. तरीही आकडा ५२,६९३ वर गेला. एल्विन हेजने ३९ गुण केले. डोळ्याची दुखापत घेऊन उतरलेल्या लू अल्सिंडरचे, म्हणजे पुढच्या करीम अब्दुल-जब्बारचे, १८ पैकी ४ च फटके बसले, आणि ह्यूस्टनने ७१-६९ अशी बाजी मारली.

पण खरी गोष्ट डोमबाहेर घडत होती. एडी आयनहॉर्न नावाच्या गृहस्थाने प्रक्षेपणाचे हक्क घेऊन देशभरातल्या शंभराहून अधिक टीव्ही केंद्रांना तो सामना विकला. कॉलेज बास्केटबॉल रात्रीच्या मोक्याच्या वेळेला सगळा देश पाहू शकतो, हे तेव्हा कळलं. डोममधली गर्दी ही या चित्रामागची सजावट होती. तिथपासून आजवर ती बऱ्याच अंशी सजावटच राहिली आहे, असं माझं मत.

एनसीएएने लगेच १९७१ चा फायनल फोर त्याच अ‍ॅस्ट्रोडोमला दिला. अंतिम सामन्याला ३१,७६५ लोक आले. पुढची दहा वर्षं स्पर्धा मुकाट पुन्हा नेहमीच्या इनडोअर हॉलमध्ये गेली. गंमत अशी की टीव्ही रेटिंगचा अजूनही न मोडलेला विक्रम याच काळातला. १९७९ मध्ये मॅजिक जॉन्सन आणि लॅरी बर्ड या पुढच्या दिग्गजांचे संघ सॉल्ट लेक सिटीत अंतिम सामन्यात भिडले, तेव्हा हॉलमध्ये जेमतेम १५ हजार माणसं होती. टीव्हीला भलंमोठं स्टेडियम लागतच नव्हतं. लागत होतं ते तिकिटांच्या गल्ल्याला आणि यजमान शहराच्या हॉटेलांना.

१९८२ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये ६१,६१२ लोकांपुढे नॉर्थ कॅरोलायनाच्या मायकेल जॉर्डन नावाच्या पहिल्या वर्षाच्या पोराने शेवटच्या काही सेकंदांत निर्णायक फटका मारला. डोमला यापेक्षा चांगली जाहिरात पैसे मोजून मिळाली नसती. मग डोमचे फेरे वाढत गेले. साध्या हॉलमधला शेवटचा फायनल फोर १९९६ चा, न्यू जर्सीतला.

तोवर डोममध्ये कोर्ट सहसा एका टोकाला मांडत आणि उरलेलं मैदान कापडी पडद्याने झाकत, म्हणजे निदान तीन बाजूंनी लोक जवळ असत. २००३ च्या डिसेंबरात डेट्रॉइटच्या फोर्ड फील्डमध्ये केंटकी आणि मिशिगन स्टेट यांचा सामना मैदानाच्या मध्यावर खेळवला. ७८,१२९ लोक आले आणि आयोजकांना वाट सापडली. २००९ पासून फायनल फोरचं कोर्टही मध्यावर आलं. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानाचं क्षेत्रफळ अशा बारा कोर्टांएवढं; त्यात एकच ठेवायचं, तर सपाट जमिनीवर मांडलेल्या खुर्च्यांतून दिसणार काय? म्हणून ते सुमारे अडीच-तीन फूट उंच चौथऱ्यावर बसवतात. बदली खेळाडूंचा बाक खाली, प्रशिक्षक मात्र वर कडेला स्टुलावर. बाकावरच्या खेळाडूच्या डोळ्यांसमोर संघातल्या पोरांचे बूट.

आता नेमाचं. तक्रार अशी की रिंगमागच्या काचेच्या बोर्डापलीकडे एरवी जवळचे प्रेक्षक दिसतात, इथे दिसते काळोखी पोकळी, आणि अंतराचा अंदाज चुकतो. पुरावा म्हणून २०११ चा ह्यूस्टनमधला अंतिम सामना दाखवतात. बटलरचे ६४ पैकी १२ फटके बसले आणि कनेक्टिकट ५३-४१ ने जिंकलं. पण आकडे जरा सोडवून पाहा. बटलरने लांबून मारायचे तीन गुणांचे ३३ पैकी ९ टाकले, वाईटच. पण दोन गुणांचे ३१ पैकी फक्त ३. अंतर फसवत असेल तर ते आधी लांबून फसवेल ना? बटलरला रिंगजवळ अडवलं ते कनेक्टिकटच्या उंच बचावाने. १९८४ मध्ये सिअ‍ॅटलच्या किंगडोममध्ये केंटकीने उत्तरार्धात ३३ पैकी ३ फटके बसवले होते, पण समोर जॉर्जटाउनचा धिप्पाड पॅट्रिक युइंग उभा होता हे कुणी सांगत नाही. शिवाय ह्यूस्टनच्याच त्या इमारतीत २०१६ च्या उपांत्य सामन्यात व्हिलानोव्हाने ७१.४ टक्के फटके बसवून ओक्लाहोमाला ९५-५१ असं लोळवलं. पोकळीचा त्रास होत नाही असं नाही, पण सगळा दोष तिच्या गळ्यात घालता येणार नाही.

महिलांच्या स्पर्धेने मात्र अलीकडे हॉलच धरून ठेवला आहे. २०२४ मध्ये पुरुषांचा अंतिम सामना अ‍ॅरिझोनातल्या ग्लेंडेलच्या फुटबॉल स्टेडियममध्ये ७४ हजारांवर लोकांपुढे झाला आणि टीव्हीवर तो सुमारे १ कोटी ४८ लाख जणांनी पाहिला. त्याच्या आदल्या दिवशी क्लीव्हलँडच्या बास्केटबॉल हॉलमध्ये, १८ हजारांच्या आसपास प्रेक्षकांत, महिलांच्या अंतिम सामन्यात साउथ कॅरोलायनाने गाजलेल्या केटलिन क्लार्कच्या आयोवाला हरवलं. ती लढत टीव्हीवर पाहणारे होते जवळपास १ कोटी ८९ लाख. महिलांचा सामना मोफत वाहिनीवर आणि पुरुषांचा केबलवर होता, हे खरं. तरी पुरुषांच्या स्पर्धेचं पुढचं वेळापत्रक स्टेडियमांनीच भरलेलं आहे. २०२७ ला डेट्रॉइट, २०२८ ला लास वेगास, २०२९ ला इंडियानापोलिस, आणि २०३० ला पुन्हा आर्लिंग्टन.