इंग्लंडमधल्या गावच्या चर्चच्या वहीत पूर्वज शोधायचे तर: कोणी, कुठे आणि कोणत्या कागदांवर

पहिला प्रश्न पात्रतेचा, आणि त्याचं उत्तर आपल्याकडच्या माणसाला चटकन पटत नाही. इंग्लंडमध्ये कोणाच्याही जन्म, लग्न किंवा मृत्यूच्या दाखल्याची नक्कल कोणीही मागू शकतं. नातं सिद्ध करायचं नाही, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र नाही, तिथलं नागरिकत्वही लागत नाही. पुण्यात बसून डर्बीशरमधल्या १८६० सालच्या एखाद्या लोहाराचा दाखला मागवला, तर ‘तुम्ही त्यांचे कोण?’ असं कुणी विचारत नाही. जन्म गेल्या पन्नास वर्षांतला असेल तर मात्र अर्जात नेमकी तारीख, ठिकाण, आईवडिलांची नावं असा जास्तीचा तपशील भरावा लागतो.

मराठी घरात हा शोध बहुतेक वेळा जावई किंवा सून तिकडची असते म्हणून सुरू होतो. नातवंडं विचारतात, आजोळ कुठलं? काहींना व्हिसासाठी कागद हवे असतात, त्याचं पुढे बोलू. हेतू कुठलाही असो, चूक सगळे एकच करतात: आडनाव घेऊन थेट चारशे वर्षांपूर्वीच्या वहीत शिरतात. तिथे नाव सापडतंच. पण तो माणूस आपला आहे हे ठरवायला हातात काहीच नसतं. म्हणून वाट उलटी धरायची. हयात माणसापासून सुरुवात, एका वेळी एकच पिढी मागे, आणि प्रत्येक पायरीला दोन कागद एकमेकांना जुळले पाहिजेत.

या वाटेवरचा मोठा नाका म्हणजे १ जुलै १८३७. त्या दिवसापासून इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी नोंदणी सुरू झाली. त्याच्या अलीकडचं काम मुख्यतः सरकारी दाखल्यांवर चालतं, पलीकडचं चर्चच्या वह्यांवर.

अलीकडचा टप्पा सोपा आहे. जनरल रजिस्टर ऑफिस म्हणजे हे दाखले देणारं सरकारी कार्यालय. त्याच्या संकेतस्थळावर खातं उघडायचं, जन्म-मृत्यूच्या सूचीत नाव शोधायचं आणि वर्ष, तिमाही, खंड, पान हा संदर्भ घालून मागणी नोंदवायची. खातं आणि सूची दोन्ही फुकट. साधा दाखला २०२४पासून १२.५० पौंडांना मिळतो. शंभर वर्षांहून जुन्या जन्मनोंदीची नुसती प्रतिमा ३ पौंडांत मिळते, पण तिला कायदेशीर किंमत नाही. वंशावळीपुरती ती पुरते. या सूचीत जन्मनोंदीसमोर आईचं माहेरचं आडनाव १८३७पासून दिलेलं आहे, इतर ठिकाणच्या जुन्या सूचींत ते १९११च्या जुलै-सप्टेंबर तिमाहीपासून येतं. एवढ्या एका रकान्यामुळे कितीतरी चुकीच्या मागण्या वाचतात. नोंद सापडत नसेल तर लगेच खचू नका. जन्मनोंद न केल्याबद्दल दंडाची खरी धास्ती १८७५पासून आली, त्याआधीची काही मुलं सरकारी वहीत नाहीतच.

लग्नाच्या बाबतीत एक युक्ती आहे, आणि तिने पैसेही वाचतात. जुलै १८३७नंतर चर्चमध्ये झालेल्या लग्नाची चर्चमधली नोंद आणि सरकारी दाखला यांतला मजकूर एकच असतो: दोघांचं वय, धंदा, राहण्याचं ठिकाण, दोघांच्या वडिलांचं नाव आणि धंदा. चर्चच्या वहीची प्रतिमा कुठे ऑनलाइन दिसत असेल तर दाखला मागवूच नका. दाखल्यावर कारकुनाने उतरवलेली नावं असतात, चर्चच्या वहीत नवरानवरीच्या खऱ्या सह्या असतात. सही येत नसेल तर फुली. नवरा फुली मारतो आणि त्याखाली नवरी वळणदार सही करते, असंही दिसतं. आईचं नाव मात्र या लग्ननोंदींत नाही, ते यायला ४ मे २०२१ उजाडावा लागला.

दाखल्यावरून नोंदणी जिल्हा कळतो, गाव कळेलच असं नाही. गाव सांगते जनगणना. दर दहा वर्षांची, शंभर वर्षं बंद ठेवून मग खुली होणारी. सध्या १८४१ ते १९२१ पाहता येतात. १९३१ची १९४२च्या आगीत जळाली आणि १९४१ला युद्धामुळे जनगणना झालीच नाही, म्हणजे पुढची खुली व्हायला बराच काळ आहे. १८४१च्या पानावर जन्म त्याच काउंटीतला (तिकडच्या डर्बीशरसारख्या मोठ्या विभागातला) का, एवढंच हो-नाही आहे आणि मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढलेली आहेत. १८५१पासून जन्माचा पॅरिश, म्हणजे कोणत्या चर्चच्या हद्दीतलं गाव, लिहिला जाऊ लागला. म्हणून जो पूर्वज १८५१पर्यंत जगला तो शोधणाऱ्यावर उपकार करून गेला म्हणायचं.

आता चर्चच्या वह्या. पॅरिश म्हणजे एका चर्चची हद्द, आणि तीत मुख्य गावाबरोबर आजूबाजूच्या वाड्याही येतात. डर्बीशरमधलं ईम घ्या (स्पेलिंगवरून ‘एयाम’ वाटतं, उच्चार ‘ईम’). १६६५-६६च्या प्लेगात या गावाने स्वतःला कोंडून घेतलं, म्हणून ते प्रसिद्ध आहे. शेजारच्या फुलो वाडीतला माणूसही ईमच्याच वहीत शोधायचा. हे न कळल्यामुळे लोक ‘फुलोचं रजिस्टर’ शोधत बसतात.

या वह्या ठेवण्याचा हुकूम १५३८चा, आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याचा. सुरुवातीच्या वह्या साध्या कागदाच्या होत्या आणि टिकल्या नाहीत. १५९८मध्ये जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवून घ्यायला सांगितलं गेलं, पण सक्ती १५५८पासूनच्या, म्हणजे एलिझाबेथ गादीवर आल्यापासूनच्या नोंदींपुरती होती. त्यामुळे अनेक गावांची वही १५५८लाच सुरू होते, आणि कितीतरी गावांची त्याहून बरीच उशिरा.

वहीत काय असतं आणि काय नसतं, हे अर्ज करण्याआधी पक्कं समजून घ्या. ही जन्माची वही नाही, बाप्तिस्म्याची आहे. मृत्यूची नाही, दफनाची आहे. मूल जन्मून चार दिवसांत बाप्तिस्मा झाला असेल, किंवा चार भावंडांचा एकाच रविवारी. सोळाव्या-सतराव्या शतकातली नोंद म्हणजे बऱ्याचदा एक ओळ: अमक्याचा मुलगा, तारीख. आईचं नावही नाही. १७५४पासून लग्नांसाठी ठरावीक नमुना आला. लग्नाआधी तीन रविवारी चर्चमध्ये जाहीर पुकारा किंवा परवाना बंधनकारक झाला, आणि ज्यू व क्वेकर (एक वेगळा ख्रिस्ती पंथ) सोडले तर सगळ्यांना इंग्लंडच्या चर्चमध्येच लग्न लावणं भाग पडलं. शोधणाऱ्याला हे सोयीचंच, कारण इतर पंथांची लग्नंही १८३७पर्यंत याच वहीत सापडतात. १८१३पासून बाप्तिस्मा आणि दफनासाठीही छापील वह्या आल्या. बाप्तिस्म्यासमोर वडिलांचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण, दफनासमोर वय. यॉर्कच्या धर्मप्रांतात १७७७ ते १८१२ या काळात काही पाद्री मुलाच्या आजोबांचंही नाव लिहीत. तुमचा पूर्वज तिथला निघाला तर पेढे वाटा.

खाचखळगे मात्र आहेत. १७५२च्या आधी वर्ष २५ मार्चला बदलत असे. वहीत फेब्रुवारी १७२० लिहिलं असेल तर आपल्या हिशेबाने ते १७२१. आईवडिलांचं लग्न ‘मे १७२०’ आणि मुलाचा बाप्तिस्मा ‘फेब्रुवारी १७२०’ असं दिसलं की लोक दचकतात. दचकायचं कारण नाही, मूल लग्नानंतर नऊ महिन्यांनी आलंय. १७३३पर्यंत काही पाद्री लॅटिनमध्ये लिहीत, पण ‘फिलिउस’ म्हणजे मुलगा, ‘फिलिया’ म्हणजे मुलगी, ‘सेपुल्तुस’ म्हणजे पुरला, एवढ्या भांडवलावर काम भागतं. १६४२ ते १६६० या यादवीच्या काळात पानंच्या पानं कोरी. १७८३ ते १७९४ दर नोंदीवर तीन पेनींचा कर होता आणि कंगालांना माफी होती. त्यामुळे त्या वर्षांत नावासमोर ‘पॉपर’ दिसलं तर तो खरोखर कंगाल होता की पाद्रीबुवा दयाळू होते, हे सांगणं कठीण.

सगळ्यांत वाईट खळगा नावाचा. पहिलं बाळ गेलं की पुढच्याला तेच नाव ठेवत. म्हणून बाप्तिस्मा सापडला की लगेच पुढच्या वीस वर्षांची दफनं पाहायची. तो ‘विल्यम’ दोन वर्षांचा असतानाच पुरला गेला असेल, तर १८१०ला लग्न करणारा विल्यम तो नव्हे. विधवेने दुसरं लग्न केलं असेल तर वहीत तिचं आडनाव पहिल्या नवऱ्याचं असतं, माहेरचं नाही. या दोन चुकांनी घातलेला घोळ मी इतक्या वंशावळींत पाहिला आहे, की इंटरनेटवरचा तयार वंशवृक्ष मी फक्त सुगावा म्हणून वापरतो.

वह्या मिळतात कुठे? चर्चमध्ये क्वचितच. १९७८च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या, भरून बंद झालेल्या वह्या धर्मप्रांताने नेमलेल्या दफ्तरखान्यात, म्हणजे सहसा काउंटी रेकॉर्ड ऑफिसात जमा कराव्या लागतात. ईमची वही पाहायची तर मॅटलॉकला, डर्बीशरच्या रेकॉर्ड ऑफिसकडे. प्रत्येक काउंटीचा ऑनलाइन करार वेगळा आहे: डर्बीशरच्या प्रतिमा अॅन्सेस्ट्री या वंशावळीच्या संकेतस्थळावर, एसेक्सच्या त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर. फॅमिलीसर्च हे तसंच दुसरं संकेतस्थळ फुकट आहे, पण तिथल्या काही प्रतिमा त्यांच्या केंद्रात जाऊनच उघडतात. फ्रीरेग ही स्वयंसेवकांनी उतरवलेली फुकट सूची. सूचीवर थांबू नका, प्रतिमा पाहा. उतरवणारा माणूस चुकतो. ईमची प्लेगच्या वर्षांची वहीसुद्धा नंतर उतरवलेली प्रतच आहे.

वही हरवली, उंदरांनी खाल्ली, ओल लागली, तर दुसरा दरवाजा आहे. १५९८पासून प्रत्येक चर्चने वर्षभराच्या नोंदींची एक प्रत बिशपकडे पाठवायची होती. पण ती काउंटीच्या नव्हे, बिशपच्या दफ्तरात असते, आणि धर्मप्रांताच्या सीमा वेगळ्या. डर्बीशर तेव्हा लिचफील्डच्या बिशपखाली होतं, म्हणून ईमच्या या प्रती डर्बीशरमध्ये न शोधता लिचफील्डच्या दफ्तरात, म्हणजे आता स्टॅफर्डला शोधायच्या. मॅटलॉकला ‘नाही’ म्हणाले म्हणून परत येणारे बरेच.

प्रत्यक्ष जायचं असेल तर आधी वेळ आणि जागा राखा, हवे ते दस्तऐवज आगाऊ कळवा. बऱ्याच काउंट्यांत ‘अर्काइव्ह्ज कार्ड’ चालतं: ऑनलाइन नोंदणी करायची आणि पहिल्या भेटीत नाव व पत्ता यांचे पुरावे दाखवायचे. पासपोर्ट आणि पत्ता असलेलं अलीकडचं बँक स्टेटमेंट जवळ ठेवा. लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जचं वाचक ओळखपत्र वेगळं, तिथेही ओळख आणि पत्ता असे दोन पुरावे लागतात. वाचनकक्षात पेन नाही, फक्त पेन्सिल. मूळ वही सहसा हातात देत नाहीत, फिल्म किंवा संगणकावर दाखवतात. तक्रार करू नका, म्हणूनच त्या अजून आहेत.

जाता येत नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला ईमेल करून पैसे भरून शोध करून घेता येतो. ‘आमच्या घराण्याची सगळी माहिती पाठवा’ असं लिहिलंत तर उत्तर येईल, पण कामाचं नाही. लिहायचं असं: पूर्ण नाव, पॅरिश, कोणती नोंद हवी, आणि पाचेक वर्षांची मुदत. शिवाय आधी काय पाहून झालं तेही. त्यांचा तास पैशांत मोजला जातो.

नोंदी संपल्या की चर्चच्या जुन्या पेटीतले कागद उरतात, आणि खरी माणसं तिथे भेटतात. १६६२च्या कायद्याने गरिबाला कोणत्या पॅरिशने पोसायचं हे त्याच्या ‘सेटलमेंट’वर ठरत असे. हद्दीत कोणी कफल्लक आला की दंडाधिकारी त्याची जबानी घेत: जन्म कुठे, चाकरी कुठे, वर्षभर कोणाकडे राबलास. मग गरज पडली तर बायकोमुलांसकट मूळ पॅरिशला परत धाडण्याचा हुकूम. शेतमजुराचं आयुष्य त्याच्याच तोंडून ऐकवणारा कागद याहून दुसरा नाही. श्रीमंत पूर्वज मिळावा असं सगळ्यांना वाटतं, पण कागद जास्त सापडतात ते गरिबाचे, त्यातही गावाला नकोशा झालेल्याचे.

व्हिसाबद्दल थोडक्यात. आजी किंवा आजोबा यूकेत जन्मले असतील तर राष्ट्रकुलातल्या नागरिकाला, म्हणजे भारतीयालाही, यूके अँसेस्ट्री व्हिसासाठी अर्ज करता येतो. वय किमान १७, काम करण्याची तयारी, आणि सरकारी मदतीशिवाय राहण्याइतके पैसे. मुदत ५ वर्षं. लागतात स्वतःचा, आईचा किंवा वडिलांचा आणि आजी-आजोबांचा पूर्ण जन्मदाखला, आणि नावं बदलली असतील तिथे लग्नाचे दाखले. भारतातून अर्ज करताना क्षयरोग तपासणीचं प्रमाणपत्रही. इथे बाप्तिस्म्याच्या उताऱ्यावर विसंबू नका, जनरल रजिस्टर ऑफिसचा १२.५० पौंडांचा दाखलाच मागवा. पणजोबा इंग्रज असून भागत नाही.

आणि पूर्वज गावच्या वहीत बाप्तिस्म्याला दिसतो, पण लग्न आणि दफन कुठेच नाही, असं झालं तर तो फौजेत किंवा रेल्वेत भरती होऊन आपल्याकडेच आला असण्याची शक्यता तपासा. मुंबई इलाख्यातल्या चर्चांच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. १७०९ ते १९४८ या काळातल्या त्या प्रती ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावरही दिसतात. तिथे शोधताना खडकीला ‘किर्की’, पुण्याला ‘पूना’ आणि ठाण्याला ‘टॅना’ अशी तेव्हाची स्पेलिंगं घालायची.