परदेशी खरेदीवरचे साडेतीन टक्के : क्रेडिट कार्डावरच्या 'फॉरेक्स मार्कअप'ची पार्श्वभूमी

आधी हिशेब मांडू. पॅरिसमध्ये एका दुकानात २०० युरोंची खरेदी केली आणि भारतीय बँकेचं साधं क्रेडिट कार्ड वापरलं. सोयीसाठी युरो १०० रुपयांचा धरा. म्हणजे खरेदी २०,००० रुपयांची. त्यावर बँकेचा ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या खर्चावर बँक वरून घेते ते शुल्क, ७०० रुपये. या ७०० रुपयांवर १८ टक्के जीएसटी, १२६ रुपये. एकूण ८२६ रुपये जास्तीचे. टक्क्यांत सांगायचं तर ४.१३. वरच्या वर्गातल्या कार्डांवर हा मार्कअप २ टक्क्यांपर्यंत खाली येतो, पण सर्वसाधारण कार्डधारकाच्या नशिबी साडेतीनच.

स्टेटमेंटवर हे सगळं एका जागी दिसेलच असं नाही. काही बँका खरेदीची रक्कम एका ओळीत, मार्कअप दुसऱ्या ओळीत आणि कर तिसऱ्या ओळीत दाखवतात, आणि या ओळींच्या तारखाही वेगळ्या असतात. काही बँका मार्कअप दरातच मिसळून एकच रुपयांचा आकडा देतात. सहलीहून परतलेला माणूस महिनाअखेरीला स्टेटमेंट उघडतो तेव्हा कुठल्या ओळीचा कुठल्या खरेदीशी संबंध आहे हे त्याला लागत नाही. वस्तू परत केली तर आणखी एक गंमत होते : परतावा त्या दिवशीच्या दराने येतो, आणि आधी घेतलेला मार्कअप परत मिळेलच याची खात्री नसते.

हे साडेतीन टक्के आले कुठून? रिझर्व्ह बँकेने ते ठरवून दिलेले नाहीत. त्यामागे डॉलरच्या रेशनिंगचा काळ आहे, आणि ते रेशनिंग संपल्यावरही टिकून राहिलेली बँकांची सवय आहे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४७ साली, परकीय चलन नियमन कायदा आला. १९७३ साली त्याची जागा त्याच नावाच्या जास्त कडक कायद्याने, 'फेरा'ने घेतली. परकीय चलन ही देशाची मालमत्ता, नागरिकाला ते लागलंच तर कारण सांगून मागायचं, अशी एकूण भूमिका होती. परदेशी जायचं तिकीट रुपयांत काढायचं असलं तरी 'पी फॉर्म' हा परवानगीचा अर्ज मंजूर व्हावा लागे. साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेला शिकायला गेलेल्या मराठी इंजिनिअर-डॉक्टरांच्या आठवणींत 'खिशात आठ डॉलर' हे वाक्य हटकून येतं, ते याचमुळे. बाकीची सोय नात्यागोत्यातून होई. तिकडच्या मामाने डॉलर द्यायचे, इकडे त्याच्या आईच्या हातात रुपये ठेवायचे. कायद्याने हा गुन्हा होता, घराघरांत ती रीत होती. 'फेरा'खाली गुन्हा म्हणजे फौजदारी, याची धास्ती मात्र खरी होती.

ज्याला अधिकृतपणे चलन मिळे, तो ट्रॅव्हलर्स चेक घेऊन जाई. अमेरिकन एक्स्प्रेसने ते १८९१ मध्ये आणले होते, आणि थॉमस कुकचं मुंबईतलं कार्यालय तर १८८१ पासूनचं. चेक विकत घेताना एक सही, वटवताना दुसरी सही, हाताशी पासपोर्ट, आणि कमिशन. प्रवाशाच्या गरजेवर पैसे कमावण्याचा धंदा क्रेडिट कार्डाने सुरू केलेला नाही, हे एवढ्यावरून लक्षात यावं.

कार्ड भारतात तसं लवकर आलं. न्यूयॉर्कमध्ये १९५० साली सुरू झालेलं डायनर्स क्लब १९६१ मध्ये इथे पोचलं. बँकेचं म्हणावं असं पहिलं कार्ड सेंट्रल बँकेचं, १९८० सालचं 'सेंट्रल कार्ड'. पण ही कार्डं हॉटेलात आणि साडीच्या दुकानात मिरवायची. त्यानंतरही कित्येक वर्षं बहुतेक भारतीय कार्डांवर इंग्रजीत एक ओळ छापलेली असे : 'व्हॅलिड ओन्ली इन इंडिया अँड नेपाळ.' नेपाळच का? तर नेपाळी रुपया आपल्या रुपयाशी ठरलेल्या दराने बांधलेला, तिथे खर्च केला तर डॉलरच्या गंगाजळीला हात लागत नाही. ज्यांच्या पाकिटात त्या काळी कार्ड होतं त्यांना ती ओळ नक्की आठवेल.

१९९१ मध्ये सोनं गहाण टाकावं लागलं, जुलैत रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं, आणि मग बांध हळूहळू फुटत गेले. १९९३ मध्ये रुपयाचा दर बाजारावर आला. ऑगस्ट १९९४ मध्ये भारताने चालू खात्यावरची परिवर्तनीयता स्वीकारली, म्हणजे प्रवास, शिक्षण, उपचार अशा खर्चांसाठी परकीय चलन देणं ही आता मेहेरबानी राहिली नाही. याच दशकात 'इंटरनॅशनल' शब्द मिरवणारी कार्डं सर्रास मिळू लागली. १ जून २००० पासून 'फेरा' जाऊन 'फेमा', म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायदा, लागू झाला. नियंत्रणाच्या जागी व्यवस्थापन आलं, फौजदारीच्या जागी दंड.

पुढचा टप्पा एलआरएस, म्हणजे उदारीकृत प्रेषण योजना. फेब्रुवारी २००४ मध्ये माणशी वर्षाला २५,००० डॉलर बाहेर नेण्याची मुभा मिळाली. २००७ च्या सप्टेंबरपर्यंत ती २ लाख डॉलरवर गेली. २०१३ च्या ऑगस्टमध्ये रुपया गडगडला तेव्हा एका फटक्यात ७५,००० वर आली, आणि २०१५ मध्ये अडीच लाखांवर स्थिरावली. ज्या देशात कधी काळी आठ डॉलरांवर भागवावं लागे तिथे आता चौघांचं कुटुंब कागदोपत्री वर्षाला दहा लाख डॉलर बाहेर पाठवू शकतं.

म्हणजे टंचाई सरली, परवानगीची खिडकी बंद झाली, पण खिडकीवरचं शुल्क राहिलं. बँकेला चलन बदलून देण्यात काही खर्च आणि थोडी जोखीम असते हे मान्य. खरेदीच्या दिवशीचा दर आणि व्यवहार प्रत्यक्ष वळता होतो त्या दिवशीचा दर यांत फरक पडतो, आणि कार्ड नेटवर्कचाही त्यात वाटा असतो. पण चलन बदलण्याचा दर व्हिसा किंवा मास्टरकार्ड ठरवतं, तो घाऊक बाजाराच्या जवळचा असतो, आणि त्यावर बँक आपले टक्के चढवते. या टक्क्यांना कायद्याने कमाल मर्यादा नाही. इतक्या वेगवेगळ्या बँका नेमक्या ३.५ वरच कशा येऊन थांबल्या, याला ग्राहकाचं दुर्लक्ष यापलीकडे मला तरी पटणारं कारण दिसत नाही. माणूस कार्ड घेताना लाउंज आणि रिवॉर्ड पॉइंट पाहतो, वार्षिक फीवर घासाघीस करतो. मार्कअपची ओळ शुल्कांच्या तक्त्यात खाली कुठेतरी असते, आणि ती पाहण्याची वेळ परदेशवारी झाल्यावर येते.

हे दुर्लक्ष फक्त आपल्याकडचं नव्हे. अमेरिकेत हाच प्रकार न्यायालयात गेला. नेटवर्कचं १ टक्का रूपांतर शुल्क दरातच लपवलेलं असे आणि त्यावर बँका बहुधा आणखी २ टक्के लावत. ग्राहकाला हे स्पष्ट सांगितलंच नाही, शिवाय नेटवर्क आणि मोठ्या बँकांनी संगनमत केलं, असा आरोप करत सामूहिक दावे दाखल झाले. २००६ मध्ये न्यूयॉर्कमधला दावा ३३ कोटी ६० लाख डॉलरवर मिटला. १९९६ ते २००६ या काळात अमेरिकी कार्ड परदेशात वापरलेल्यांना त्यातून भरपाई मागता आली, कुणाच्या हाती काही डॉलर आले, कुणाच्या जास्त. प्रतिवादींनी चूक कबूल केली नाही. पण शुल्क स्टेटमेंटवर वेगळ्या ओळीत दिसू लागलं, आणि दिसू लागल्यावर 'आमच्याकडे हे शुल्क नाही' अशी जाहिरात करणारी कार्डंही निघाली. न्यू जर्सीतल्या आपल्या चुलतभावाला परदेशी शुल्क पडत नाही आणि आपल्याला पडतं, त्यामागे हा दावा आणि त्यानंतरची स्पर्धा आहे.

युरोपात लक्ष गेलं ते एका वेगळ्या युक्तीकडे. दुकानातलं यंत्र विचारतं, बिल युरोत द्यायचं की तुमच्या चलनात? पडद्यावर रुपयांचा आकडा ठळक दिसतो, आपला वाटतो, आणि कधी कधी वेटरच घाईत ते बटण दाबून मोकळा होतो. याला डीसीसी, म्हणजे 'डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन', म्हणतात. १९९० च्या दशकात आयर्लंडमधून ही कल्पना पसरली. यात दर ठरवतो दुकानदाराचा सेवापुरवठादार, आणि तो बाजारभावापेक्षा बराच वर असतो. भारतीय प्रवाशाला तर दुहेरी भुर्दंड : महागडा दर तिथे, आणि 'रुपयांतला पण परदेशी व्यवहार' म्हणून बँकेचं शुल्क इथे. युरोपीय महासंघाने २०१९ मध्ये नियम केला आणि एप्रिल २०२० पासून एटीएमवर व दुकानात हा वरचढ दर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दराच्या तुलनेत टक्क्यांत दाखवणं बंधनकारक केलं. नियम युरोपीय चलनांपुरता असल्याने रुपयाच्या कार्डधारकाला त्याचा फारसा उपयोग नाही. त्याने स्थानिक चलन निवडावं, एवढंच.

आपल्याकडे या शुल्कावर नाही, पण त्याच्या शेजारच्या करावर मात्र रान पेटलं. २०२० च्या ऑक्टोबरपासून एलआरएसखाली ७ लाखांवरच्या रकमेवर ५ टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ वसूल केलेला आयकर, लागत होता. २०२३ च्या अर्थसंकल्पात तो शिक्षण आणि उपचार सोडून बाकीच्यांसाठी २० टक्के केला. क्रेडिट कार्ड यातून सुटत होतं, कारण 'फेमा'च्या चालू खाते नियमांतला नियम ७. परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च एलआरएसच्या मर्यादेत धरायचा नाही, असं तो सांगे. डेबिट कार्ड आणि फॉरेक्स कार्ड मात्र आधीपासूनच मर्यादेत. सरकारला हा भेदभाव खुपत होता, आणि तर्क म्हणून ते चूक नव्हतं. १६ मे २०२३ च्या अधिसूचनेने नियम ७ काढून टाकला.

मग जे झालं ते सुट्टीच्या मोसमात, ऐन मे महिन्यात. लंडनमधल्या कॉफीवर २० टक्के कर लागणार, अशा पोस्ट फिरू लागल्या. तीनच दिवसांत अर्थ मंत्रालयाने खुलासा केला, ७ लाखांपर्यंतचा कार्डखर्च वगळला जाईल. पण एका माणसाची चार बँकांची सहा कार्डं असतील तर सात लाख कुणी मोजायचे, याचं उत्तर बँकांकडे नव्हतं. २८ जूनला सरकारने पाऊल मागे घेतलं. नवा दर १ जुलैऐवजी १ ऑक्टोबरपासून, आणि परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च पुढील आदेशापर्यंत एलआरएसबाहेर. एप्रिल २०२५ पासून टीसीएसची मर्यादा १० लाख झाली. टीसीएस रिटर्नमध्ये वळता करून घेता येतो, मार्कअप गेला तो गेलाच. तरी आरडाओरडा झाला तो टीसीएसवरच, हे जरा चमत्कारिक आहे.

मार्कअपला धक्का लागतोय तो स्पर्धेतून. आरबीएलचं वर्ल्ड सफारी, फेडरल बँकेबरोबरचं स्कॅपिया, मुदतठेवीवर मिळणारं आयडीएफसी फर्स्टचं वॉव अशी शून्य मार्कअपची कार्डं गेल्या काही वर्षांत आली. दुसरीकडून यूपीआय. फेब्रुवारी २०२४ मध्ये आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठी ते सुरू झालं, त्याच महिन्यात श्रीलंका आणि मॉरिशसमध्येही. यूपीआयमध्ये रुपयांतला आकडा पैसे जाण्याआधी पडद्यावर दिसतो, पण त्यातला दर कितीने चढा आहे हे तुलना केल्याशिवाय कळत नाही.

कार्ड निवडताना जाहिरातीपेक्षा शुल्कांचा तक्ता पाहावा, आणि त्यात दोन ओळी शोधाव्यात. एक परकीय चलनातल्या व्यवहारावरच्या मार्कअपची. दुसरी तिच्याखालची, परदेशात नोंदलेल्या दुकानदाराला रुपयांत दिलेल्या पैशांवरची, बहुधा १ टक्का किंवा थोडी जास्त. ही दुसरी ओळ घर न सोडणाऱ्यालाही लागू होते : हॉटेल बुकिंगचं संकेतस्थळ किमती रुपयांत दाखवतं, पण कंपनी नोंदलेली असते सिंगापूरला किंवा नेदरलँड्सला.