थेरपीच्या वहीतल्या त्या रेघा आल्या कुठून

आमच्याकडे तान्ह्या पोळ्याला सगळी पोट्टी लाकडी बैल घेऊन निघतात. माझा पुतण्या ऑटिस्टिक आहे, मागच्या वर्षी ढोल वाजला तसा ज्वारीच्या कट्ट्यामागे जाऊन कान दाबून बसला होता. ह्या वर्षी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला, चारेक मिनिटं, मग आत गेला. शेजारची आजी म्हणाली, "काय फरक पडला वो बाई, अजूनई तसाच हाये पोट्टा." वहिनी काही बोलली नाही, आत जाऊन वहीत लिहिलं: दार, चार मिनिटं, रडला नाही.

ही वही थेरपीच्या मॅडमनी लावून दिलेली. रडणं किती वेळा, किती मिनिटं, कशावरून, एवढंच लिहायचं आणि मोजायला रेघा मारायच्या. घरातल्याच काही जणांना हे फालतू काम वाटते, म्हणून ही पद्धत कुठून आली ते लिहून ठेवतो.

सुरुवात प्राण्यांवरच्या प्रयोगांत आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी 1930 च्या दशकात असं यंत्र वापरलं की उंदरानं दांडा दाबला की कागदावरचं पेन एक पायरी वर सरकायचं, त्यामुळे डोळ्याला न दिसणारा फरक रेघेच्या चढावरून कळायचा. दुसरी गोष्ट त्यांनी दाखवली ती ही, की पाहिजे ती कृती एकदम येत नसेल तर तिच्या जवळ जाणाऱ्या प्रत्येक बारक्या हालचालीला बक्षीस द्यायचं. ह्यालाच शेपिंग म्हणतात.

मुलांच्या बाबतीत हे किती कामाचं आहे ते 1964 साली छापून आलेल्या एका केसमधून कळते, आणि ही केस मला प्रत्येक आईबापाला सांगावीशी वाटते. साडेतीन वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यातली भिंगं काढलेली, चष्मा लावला नाही तर नजर कायमची जाणार, आणि हा चष्म्याला हात लावू देत नाही. वुल्फ, रिस्ली आणि मीस ह्या तिघांनी काय केलं, तर काचा नसलेल्या नुसत्या फ्रेमा खोलीत ठेवल्या. फ्रेम उचलली की खाऊ, हातात धरली की खाऊ, घेऊन फिरला की खाऊ, मग डोळ्याजवळ नेली की. नुसत्या खाऊनं भागेना तेव्हा जेवणाच्या वेळेचाच उपयोग केला. शेवटी तो मुलगा दिवसाला बारा तास चष्मा लावू लागला. पहिल्या दिवशी कोणी बघितलं असतं तर म्हणाला असता, फ्रेम उचलली त्यात काय एवढं!

1968 साली वागणूक मोजून बदलायच्या ह्या विषयाचं स्वतंत्र जर्नल निघालं आणि मुलाची तुलना दुसऱ्या मुलाशी न करता त्याच्याच आधीच्या नोंदीशी करायची ही रीत पक्की झाली. म्हणून आधी काहीच न करता नुसतं मोजायला लावतात, त्याला बेसलाइन म्हणतात.

आपल्या भागाला सगळ्यात जवळचं काम मात्र 1969 मधलं, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या पोर्टेज गावचं. तिथंही लांब लांब पसरलेली शेतकरी घरं, मुलांना रोज सेंटरला आणणं जमणार नाही, म्हणून शिक्षिकाच आठवड्यातून एकदा घरी जायची, आईला एक कृती दाखवायची आणि तक्ता ठेवून यायची. एका आठवड्यात जमेल एवढाच तुकडा निवडायचा हा त्यांचा नियम होता. आमच्यासारखं महिन्यातून एकदा नागपूरची एसटी पकडणाऱ्यांना ह्याचं मोल समजते, कारण मधले एकोणतीस दिवस थेरपिस्ट आईच असते.

ह्या इतिहासात वाईटही घडलंय. ऑटिस्टिक मुलांना ह्याच पद्धतीनं शिकवणारे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लोवास, त्यांच्या 1987 च्या अभ्यासात 19 पैकी 9 मुलं साध्या शाळेत गेली म्हणून मोठा गाजावाजा झाला, पण त्या काळच्या पद्धतीत शिक्षाही होती, आणि पुढे ऑटिस्टिक मोठ्या माणसांनीच विचारलं की गप बसणं, डोळ्यात बघणं ह्याला प्रगती म्हणायचं ठरवलं कोणी? मला त्यांचं पटते. वहीत काय मोजायचं ते पोराच्या सुखाकडे बघून ठरवावं.

आपल्याकडे 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी मुलं तपासायला अंगणवाडीत येते, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारच्या दिव्यांगत्वात ऑटिझम आहे, आणि दिव्यांग सर्टिफिकेटसाठी 40 प्रश्नांची इसा ही भारतीय चाचणी वापरतात. पण ती चाचणी ऑटिझम किती आहे ते सांगायला आहे, दोन महिन्यांतला बारीक फरक तिच्यात शोधू नका. आकडा तोच दिसला की लोक थेरपी सोडून देतात.

आणखी एक, हट्टाला दाद देणं बंद केलं की सुरुवातीचे काही दिवस रडणं उलट वाढते. हे जुन्या प्रयोगांतही दिसलंय. आमच्या वहीत आषाढात एक पान रेघांनी पूर्ण काळं आहे, त्याच पानावर दादा म्हणाला होता बंद करू हे सगळं. पुढच्या दोन पानांवर रेघा विरळ होत गेल्यात.

आता कापूस वेचणी सुरू आहे, चार दिवस कोरे गेले. वहिनी आठवून भरायला बसली तर मॅडम फोनवर म्हणाल्या, राहू द्या ताई कोरे, आजपासून लिहा. आजची नोंद संध्याकाळची आहे: वरातीचा बँड, लांबून, कान दाबले, पण अंगणातच बसला.