बसचालकांचा पगाराचा वाद: अर्ज कोणाकडे करायचा, कोण पात्र, कोणती कागदपत्रे लागतात

"पगारात घोळ आहे" एवढंच सांगून चालक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जातो आणि तिथला कारकून विचारतो, "म्हणजे नेमकं काय?" बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. कारण पगाराचे वाद दोन जातींचे असतात आणि दोघांची दारं वेगळी आहेत.

पहिल्या जातीत हक्क आधीच ठरलेला असतो, पैसे मात्र हातात आलेले नसतात. ओटीचे (जादा कामाचे) तास कमी धरले, वार्षिक वेतनवाढ लागली नाही, मंजूर महागाई भत्त्याची थकबाकी राहिली, अपघातातल्या नुकसानीची वसुली न विचारता कापली, पगारच वीस तारखेला झाला. दुसऱ्या जातीत हक्क अजून जन्मालाच आलेला नसतो. मूळ वेतन वाढवा, राज्य सरकारी कर्मचाऱ्यांइतका पगार द्या, नवा भत्ता सुरू करा. पहिल्यासाठी एकटा चालकही अर्ज करू शकतो. दुसऱ्यासाठी संघटना लागते. मागणीचा विषय वसुलीच्या अर्जात घातला तर अर्ज फेटाळला जातो, आणि वसुलीचा विषय संघटनेच्या मागणीपत्रात टाकून ठेवला तर वर्षं निघून जातात.

घोषणा आणि हक्क यांतला फरकही इथेच समजून घ्या. एसटीच्या दीर्घ संपात, नोव्हेंबर २०२१ मध्ये, सेवेच्या वर्षांनुसार मूळ वेतनात अडीच ते पाच हजारांची वाढ जाहीर झाली. सप्टेंबर २०२४ च्या आंदोलनानंतर साडेसहा हजारांची वाढ जाहीर झाली. टीव्हीवर ऐकलेली वाढ वसुलीच्या अर्जात मागता येत नाही. ती महामंडळाच्या परिपत्रकात किंवा करारात उतरली, तिला लागू होण्याची तारीख मिळाली, की मग तिच्यातला प्रत्येक न मिळालेला रुपया हा पहिल्या जातीचा दावा होतो. म्हणून परिपत्रकाचा क्रमांक आणि तारीख पहिल्या दिवशीच लिहून ठेवा.

कायदा कोणता?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. पगाराच्या वसुलीसाठी वेतन संहिता २०१९ आणि सामूहिक मागण्यांसाठी औद्योगिक संबंध संहिता २०२०, या दोन आपल्या कामाच्या. त्याआधीच्या काळातल्या थकबाकीचा किंवा आधीच दाखल असलेल्या प्रकरणाचा विषय असेल तर जुन्या कायद्यांचा संबंध येतो, तिथे वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. राज्याचा १९७१ चा कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायदा औद्योगिक संबंध संहितेने रद्द केलेल्या कायद्यांच्या यादीत नाही. करार मोडणं ही त्यात अनुचित प्रथा धरली आहे आणि तक्रारीची मुदत नव्वद दिवस आहे. संघटनेच्या वकिलाशी बोलताना हा मुद्दा जरूर काढा.

एसटी असो वा महापालिकेची परिवहन सेवा, दोन्हीकडे राज्याची कामगार यंत्रणा लागते, म्हणजे तुमच्या जिल्ह्यातलं कामगार उपायुक्त किंवा सहायक कामगार आयुक्त कार्यालय. दिल्लीला पत्रं पाठवण्यात वेळ घालवू नका.

पात्रता

पगाराच्या दाव्यासाठी चालक कायम असण्याची अट नाही. रोजंदारीवरचा, कंत्राटी, परीक्षाविधीन, सेवेतून कमी केलेला, निवृत्त, सगळे येतात. मृत चालकाचे वारसही राहिलेला पगार मागू शकतात. पूर्वीच्या वेतन प्रदान कायद्यात महिना २४,००० रुपयांची कमाल मर्यादा होती, त्यामुळे वीस वर्षं स्टिअरिंग धरलेला चालक नेमका त्या दाराबाहेर राहायचा. वेतन संहितेत ही मर्यादा नाही. माझ्या मते चालकांसाठी संहितेतला हा सगळ्यात कामाचा बदल आहे, आणि आगारातल्या चर्चेत तो कमीच ऐकू येतो.

अर्ज स्वतः चालक करू शकतो, त्याची नोंदणीकृत संघटना करू शकते किंवा निरीक्षक करू शकतो. एकाच कारणाचा फटका कितीही जणांना बसला असला तरी सगळ्यांचा मिळून एक अर्ज चालतो. पन्नास जणांनी पन्नास अर्ज करण्यापेक्षा तक्त्यासह एक अर्ज केव्हाही बरा. मुदत दावा उद्भवल्यापासून तीन वर्षं आहे. पूर्वी ती बारा महिने होती. उशिराचं सबळ कारण दाखवता आलं तर मुदतीनंतरही अर्ज घेतला जाऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका.

ठेकेदाराच्या गाड्यांवरचे चालक सगळ्यांत गोंधळलेले असतात. बस उपक्रमाच्या रंगाची, पगार मात्र ठेकेदाराच्या खात्यातून. मुंबईत ऑगस्ट २०२३ मध्ये अशाच भाडेतत्त्वावरच्या गाड्यांच्या चालकांनी पगारासाठी काम थांबवलं होतं. अशा चालकाने अर्जात ठेकेदार आणि परिवहन उपक्रम दोघांनाही प्रतिवादी करावं. ठेकेदाराने पगार दिला नाही किंवा कमी दिला तर तो देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते, मग त्याने ठेकेदाराकडून वसूल करावा. उपक्रमाचा साहेब "ते आमचे कर्मचारी नाहीत" म्हणाला तरी हे नाव अर्जातून काढू नका.

अर्जाआधीची तयारी

सगळ्यात आधी आगार व्यवस्थापकांना लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक, तारीख घ्या. हे टाळून थेट वर गेलात तर पहिल्याच तारखेला "आमच्याकडे तक्रारच आली नव्हती" असं उत्तर येतं. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी लागते. वाद उद्भवल्यापासून वर्षाच्या आत तिच्याकडे जाता येतं आणि तिने तीस दिवसांत निकाल द्यायचा असतो. ओटीच्या दोन-चार तासांचा किंवा रजेच्या नोंदीचा प्रश्न कधी कधी इथेच सुटतो, तेव्हा ती पायरी हलकी मानू नका.

आता कागद. पुढच्या प्रती दोन संचांत काढा, मूळ कागद कुणालाही देऊ नका:

नियुक्तीपत्र आणि ओळखपत्र. ठेकेदाराकडचा चालक असेल तर पीएफ क्रमांक आणि पगार जमा झाल्याच्या बँक नोंदी
वादातल्या सगळ्या महिन्यांची पगारपत्रकं
लॉगशीट किंवा कामगिरी पत्रकाच्या नकला
ज्या करारावर, परिपत्रकावर किंवा वेतनवाढीच्या आदेशावर दावा आहे त्याची प्रत
आगाराला दिलेल्या अर्जाची शिक्क्याची प्रत आणि आलेलं उत्तर
वसुली कापली असेल तर कारणे दाखवा नोटीस आणि तुमचा खुलासा. नोटीस आलीच नसेल तर अर्जात तसं स्पष्ट लिहा
संघटनेमार्फत जात असाल तर सदस्यत्वाची पावती आणि अधिकारपत्र

यातलं लॉगशीट हेच चालकाचं खरं हत्यार. मुक्कामी गाडी घेऊन गेलेला माणूस रात्री साडेदहाला पोचला की नियोजनाप्रमाणे पावणेनऊला, हे पगारपत्रक सांगत नाही, लॉगशीट सांगतं. ते आगारात जमा होतं आणि नंतर "सापडत नाही". म्हणून जमा करण्याआधी रोज मोबाइलवर फोटो काढायची सवय लावा. फोटो नसतील तर माहिती अधिकारात मागा. एसटी आणि महापालिका उपक्रम दोन्ही सार्वजनिक प्राधिकरणं आहेत. अर्जाची फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. ठेकेदाराला माहिती अधिकार थेट लागू होत नाही, पण उपक्रमाने त्याच्याशी केलेला करार मागता येतो, आणि चालकाच्या पगाराबाबतच्या अटी त्यात असू शकतात.

हिशेबाचा तक्ता स्वतः करा. मानू की वादातल्या महिन्याचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ३१,२०० रुपये आहेत. सव्वीस दिवस, रोज आठ तास धरले तर २०८ तास, म्हणजे तासाला १५० रुपये. ओटी दुप्पट दराने, म्हणजे तासाला ३०० रुपये. बारा दिवस रोज तीन तास जादा झाले तर ३६ तासांचे १०,८०० रुपये व्हायला हवेत. पगारपत्रकात ५,४०० दिसत असतील तर त्या महिन्याचा फरक ५,४०० रुपये. तुमच्या आस्थापनेत भागाकाराची पद्धत वेगळी असेल तर तीच वापरा, पण प्रत्येक ओळीसमोर लॉगशीटची तारीख लिहा. अंदाजे ठोक आकडा टाकलेला अर्ज पहिल्या सुनावणीतच लंगडा पडतो.

कापलेल्या पैशांबद्दल थोडं सविस्तर, कारण चालकांच्या तक्रारी इथेच जास्त असतात. नुकसानीची वसुली फक्त चालकाच्या निष्काळजीपणामुळे थेट झालेल्या नुकसानीचीच करता येते, आणि त्याला म्हणणं मांडायची संधी दिल्यावरच. दंड त्या वेतन काळातल्या वेतनाच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि लावल्यापासून नव्वद दिवसांनंतर तो वसूल करता येत नाही. सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याहून जास्त होऊ शकत नाहीत. डिझेलचं अॅव्हरेज पडलं नाही म्हणून पगारातून रक्कम उडाली असेल तर ती कपात संहितेतल्या कोणत्या प्रकारात बसते, हा प्रश्न लेखी विचारा. उत्तर द्यायला लेखाशाखेची पंचाईत होते.

दावा दाखल झाल्यावर

वेतनाचा दावा संहितेखाली नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे विहित नमुन्यात जातो. नमुना कामगार कार्यालयात मिळतो. जुने नमुने अजून फिरत असतात, तेव्हा चालू नमुना कोणता ते खिडकीवर विचारून घ्या. पैसे दिले होते हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे, तुमच्यावर नाही. तरीही ओटीचे तास झाले हे दाखवायला लॉगशीट लागतंच. प्राधिकाऱ्याने तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करायचा असतो. तो थकलेली रक्कम आणि त्यावर दाव्याच्या दहापटीपर्यंत भरपाईही देऊ शकतो. दहापट म्हणजे कमाल मर्यादा, ती धरून कर्ज काढू नका! निकाल पटला नाही तर नव्वद दिवसांत अपील. मालकाने निकालानंतरही पैसे दिले नाहीत तर वसुली दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते.

करारातून किंवा निवाड्यातून येणारी रक्कम असेल तर औद्योगिक संबंध संहितेतला वसुलीचा मार्गही आहे. तिथली मुदत मात्र एक वर्षाची. दोन्ही मार्गांवर एकाच रकमेचे अर्ज टाकू नका, समोरचा वकील पहिला आक्षेप त्याचाच घेतो.

मागणी नवी असेल तर

इथे एकट्या चालकाचं काही चालत नाही. वाटाघाटी करणारी संघटना मागणीपत्र देते. एकट्या वाटाघाटीचा हक्क मिळवायला हजेरीपटावरच्या किमान ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो; कुणाकडेच तो नसेल तर वाटाघाटी परिषद होते आणि तिच्यात प्रत्येक २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी जातो. बोलणी फिसकटली की समेट अधिकारी, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवू पाहणारा सरकारी अधिकारी, येतो. त्याने साधारण ४५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो, संपाची नोटीस आलेली असेल तर १४ दिवसांत. वाद उद्भवून दोन वर्षं झाली असतील तर समेट होत नाही. समेट फसल्याचा अहवाल हातात आला की नव्वद दिवसांत औद्योगिक न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. पूर्वी त्यासाठी सरकारने वाद सोपवावा लागायचा आणि फाइल मंत्रालयात अडकायची.

संपाचं वेळापत्रक चुकलं तर बरोबर मागणीही बेकायदा संपात अडकते. संपाआधीच्या साठ दिवसांत नोटीस दिलेली हवी, नोटिशीनंतर चौदा दिवस थांबावं लागतं, समेट सुरू असताना आणि तो संपल्यावर सात दिवस संप करता येत नाही. न्यायाधिकरणात प्रकरण असताना आणि त्यानंतर साठ दिवसही नाही. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी नैमित्तिक रजा टाकली तर तोही संपच धरला जातो, त्यामुळे "आम्ही फक्त रजेवर होतो" ही पळवाट आता बंद आहे. बेकायदा संपातल्या कामगाराला एक हजार ते दहा हजार रुपये दंड किंवा महिन्याभराची कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय दहा किंवा जास्त कामगार पूर्वसूचना आणि वाजवी कारणाशिवाय एकत्र गैरहजर राहिले आणि त्यांच्या करारात नोटिशीबाबत तशी अट असेल, तर आठ दिवसांपर्यंतचं वेतन जादा कापता येतं.

थकबाकी एकरकमी खात्यात आली की त्या वर्षीचं उत्पन्न एकदम फुगतं. मागच्या वर्षांची रक्कम त्या त्या वर्षात वाटून मिळणाऱ्या आयकर सवलतीचा फॉर्म विवरणपत्राच्या आधी भरावा लागतो, म्हणून थकबाकीचा वर्षवार तपशील लेखाशाखेकडून पैसे जमा झाल्याच्या आठवड्यातच लेखी मागून घ्या.