दुकानातील संगणकीय बिलिंग (मराठवाडा)

माल गिऱ्हाइकाच्या हाती जातो त्याच जागी विक्रीची नोंद करणारी, बिल छापणारी, कर काढणारी आणि शिल्लक साठ्यातून तेवढा माल वजा करणारी यंत्रणा. 'पॉइंट ऑफ सेल' या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिला पीओएस म्हणतात. संगणक किंवा मोबाइल, बिलिंगचे सॉफ्टवेअर, बारकोड स्कॅनर, पावतीचा प्रिंटर आणि गल्ला एवढा तिचा पसारा असतो. मराठवाड्यातले दुकानदार मात्र तिला पीओएस म्हणत नाहीत. ते 'कंप्युटरचं बिल' किंवा नुसते 'सॉफ्टवेअर' म्हणतात. 'पॉस मशीन' हा शब्द खेड्यापाड्यांत सगळ्यांना ठाऊक आहे, पण तो रेशनच्या आणि खताच्या दुकानातल्या अंगठा लावायच्या यंत्रासाठी. त्याचा उल्लेख पुढे येईल.

परभणी, नांदेड, जालना अशा गावांत धान्य-किराण्याच्या बाजाराला मोंढा म्हणतात, आणि मोंढ्याचा हिशेब म्हणजे कीर्द-खतावणी, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही आणि नावानावाची खातेवही. निजामाच्या राज्यात हाली (निजामाचे) आणि कलदार (इंग्रजांचे) अशा दोन नाण्यांचा मेळ याच वह्यांत घातला जाई. लाल कापडी बांधणीची लांबट वही, मांडी घालून बसलेला मुनीम आणि त्याचे तोंडी गणित अनेक दुकानांत अगदी काल-परवापर्यंत होते. संगणक या वहीची जागा घ्यायला आला, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात त्याने वहीचे एक-दोन रकाने घेतले. उरलेली वही अजून चालू आहे.

संगणक सर्वांत आधी औषध दुकानांत रुजला, आणि तो काही कराच्या धाकाने नव्हे. औषधाच्या प्रत्येक पाकिटाला बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असते. मुदत संपत आलेला माल वेळेत घाऊक विक्रेत्याकडे परत गेला नाही तर तोटा दुकानदाराचा. त्यात दहाच्या पट्टीतून चार गोळ्या कापून द्यायच्या आणि उरलेल्या सहांचा हिशेब ठेवायचा, हे हाताने करणे किचकटच. १ मार्च २०१४ पासून एच-१ अनुसूचीतल्या (काही प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे, सवय लावणारी औषधे) औषधांची वेगळी नोंदवही ठेवणे बंधनकारक झाले आणि ती तीन वर्षे जपायची असल्याने संगणकाची गरज आणखी वाढली.

किराणा दुकानांची गोष्ट निराळी. राज्यात १ एप्रिल २००५ ला व्हॅट आला, १ जुलै २०१७ ला जीएसटी, आणि प्रत्येक वेळी सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी 'आता पर्याय नाही' असे सांगितले. कायदा इतका कडक नाही. फक्त माल विकणाऱ्याला १ एप्रिल २०१९ पासून साधारणपणे ४० लाखांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत नोंदणीच लागत नाही. दीड कोटीपर्यंतच्या व्यापाऱ्याला कंपोझिशन योजनेत एक टक्का कर भरून मोकळे होता येते. त्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही. नोंदणी असली तरी २०० रुपयांच्या आतल्या किरकोळ विक्रीला, गिऱ्हाइकाने मागितले नाही तर, वेगळे बिल लागत नाही. दिवसाअखेरीस एक एकत्रित बिल केले की भागते. त्यामुळे तालुक्याच्या गल्लीतल्या दुकानात संगणक दिसला, तर त्यामागे बहुधा दुसरेच कारण असते. शंभरेक मालांचे भाव मालकाला तोंडपाठ असतात, कामावरच्या पोराला नसतात. यंत्रात भाव भरलेले असले की मालकाला लग्नकार्याला जाता येते.

यंत्राचे काम बारकोडवर चालते. पहिला बारकोड २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या एका बाजारात, च्युइंगमच्या पाकिटावर वाचला गेला. आपल्याकडच्या पुड्यांवर तेरा अंक असतात आणि बहुतेकांची सुरुवात ८९० ने होते. ८९० म्हणजे माल भारतात बनला, असा समज सर्रास आहे. खरे तर कंपनीने क्रमांक भारतातल्या संस्थेकडून घेतला, एवढेच त्यावरून कळते. शेवटचा अंक आधीच्या बारांवरून गणिताने काढलेला असतो, म्हणून वाचण्यात चूक झाली की यंत्राला कळते. भाव बारकोडात नसतो. तो दुकानदाराने आपल्या यादीत भरलेला असतो. त्यातून आपल्याकडची एक खास अडचण निघते. साबणाची एमआरपी वाढते, बारकोड तोच राहतो. मग स्कॅन केल्यावर पडद्यावर जुनी आणि नवी अशा दोन किमती येतात आणि पोराला वडी उलटून बघावी लागते. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, साबण, टूथपेस्ट, शाम्पू, बिस्किटे यांचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. ज्यांनी माल करगटांत नीट लावला होता त्यांचे काम चार बटणांत झाले. बाकीचे एकेक नाव उघडत बसले.

सुट्या मालाला बारकोड नाही, आणि मोंढ्यातला निम्मा जीव सुट्या मालात. अर्धा किलो फटका तूरडाळ, पावशेर जिरे, सुटे तेल. लेबल छापणारा काटा घेतला तर वजनासकट बारकोड निघतो (तो २ ने सुरू होतो, कारण हे आकडे दुकानाच्या घरगुती वापरासाठी राखीव आहेत); पण छोट्या दुकानात साधा इलेक्ट्रॉनिक काटा असतो, ज्यावर वैधमापन खात्याचा दरवर्षीचा शिक्का लागतो, आणि वजन बघून आकडा हाताने टाकला जातो. घाईत नावे वेगवेगळी पडतात. एकाच शेंगदाण्याचे 'शेंगदाणा', 'सेंगदाना' आणि 'शेंगदाणा जाडा' असे तीन माल यादीत तयार होतात. पोते एका नावावर चढते, विक्री दुसऱ्या नावावर होते, आणि महिनाभराने एकीकडे शंभर किलो शिल्लक तर दुसरीकडे उणे ऐंशी दिसू लागते. शिवाय गिऱ्हाइकाने चवीला उचललेली मूठ, उंदराने फाडलेला बारदाना, उन्हाळ्यात सुकून कमी झालेले वजन ही घट यंत्राला कोणी सांगत नाही. त्यामुळे किराण्यात संगणकातला साठा आणि खोलीतला साठा जुळला, तर दुकानदाराने आनंद मानण्याऐवजी पुन्हा मोजून बघावे.

उधारीत यंत्र सर्वांत जास्त अडखळते. सॉफ्टवेअरला परतफेडीची तारीख हवी असते: तीस दिवस, पंचेचाळीस दिवस. मराठवाड्यातला कोरडवाहू शेतकरी म्हणतो, "सोयाबीन निघू द्या शेठ, मग बघू." ही तारीख पावसावर ठरते, दसऱ्याला येते किंवा दिवाळीला, आणि त्या साली पीक गेले तर पुढच्या साली जाते. मधल्या काळात गिऱ्हाईक दोनशे रुपये ठेवून जाते, ते कोणत्या बिलापोटी हे दोघांनाही ठरवायचे नसते. मोबाइलवर आपोआप जाणारा 'आपली बाकी थकली आहे' असा संदेश अनेक दुकानदार मुद्दाम बंद ठेवतात. चुलत्या-मेहुण्याला असा संदेश गेला तर गिऱ्हाईक आणि नाते दोन्ही जाते. म्हणून काउंटरवर पडदा असतो आणि पडद्याच्या मागे वही असते.

यूपीआयने हिशेबात आणखी एक घर वाढवले. पैसे आल्याचे काउंटरवरची बोलकी डबी (साउंडबॉक्स) मराठीतून ओरडून सांगते, पण बिलिंगच्या सॉफ्टवेअरला ते ऐकू येत नाही. रात्री रोकड, ऑनलाइन आणि बिले यांची बेरीज जुळवताना पन्नास-शंभरचा फरक ठरलेला. बिलावरच रकमेसह क्यूआर छापला तर हा फरक बराचसा जातो.

कृषी सेवा केंद्रांत दोन यंत्रे शेजारी शेजारी असतात. एक दुकानाचे, दुसरे सरकारी पॉस. २०१८ पासून खताचे अनुदान कंपनीला मिळते ते शेतकऱ्याचा आधार पडताळून पॉसवर विक्री नोंदली गेल्यावर. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीचे २६६ रुपये ५० पैसे घेतले जातात आणि अंगठा लागतो. पेरणीच्या तोंडावर दारात रांग असते, नेटवर्क नसते, ऊसतोडीने घासलेला अंगठा उमटत नाही. मग गोण्या आधी जातात आणि नोंद संध्याकाळी होते. तपासणीला नेमक्या त्याच वेळी कोणी आले तर पॉसमधल्या गोण्या आणि गोदामातल्या गोण्या जुळत नाहीत.

बियाण्याच्या बाबतीत मात्र छापील बिलाचे मोल शेतकऱ्याला नीट कळलेले आहे. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा मराठवाड्यात पूर आला, तेव्हा लॉट नंबर असलेली पक्की पावती ज्याच्याकडे होती त्याची तक्रार उभी राहिली. इथे प्रिंटरची निवड महत्त्वाची ठरते. दोन किंवा तीन इंची थर्मल पावती शाईशिवाय, उष्णतेने उमटते. ती उन्हात, तेलकट हातात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत पुसट होत जाते. पेरणीपासून पंचनाम्यापर्यंत ती टिकेलच असे नाही. म्हणून जाणते दुकानदार अजून खरखरणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर सोडत नाहीत. ज्याच्या हाती थर्मल पावती पडली त्याने तिचा लगेच फोटो काढावा.

पावतीवर मराठी येते ती आडवळणाने. साध्या थर्मल प्रिंटरच्या पोटात देवनागरी अक्षरे नसतात. सॉफ्टवेअर मजकुराचे चित्र करून पाठवते, त्यामुळे छपाई मंदावते. बरेच जण कंटाळून नावे रोमन लिपीतच ठेवतात, आणि वरचा शेंगदाण्याचा घोळ तिथूनच सुरू होतो.

वीज गेली की यूपीएस दहा-पंधरा मिनिटे टिकटिकतो. तेवढ्यात अर्धवट बिल संपवून संगणक बंद करायचा, हे कामावरच्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात. बॅकअप पेनड्राइव्हवर घेतात, आणि पेनड्राइव्ह गल्ल्यातच ठेवतात. सॉफ्टवेअर बदलायची वेळ आली तर मालाची यादी एक्सेलमधून नव्या यंत्रात तासाभरात जाते. उधारीची जुनी बाकी मात्र वही उघडून, एकेक नाव वाचून, हाताने टाकावी लागते.