राजदूत ३५०: पुढचा ड्रम, डिस्क आणि 'मूळ' गाडीचा वाद

जुनी राजदूत ३५०, म्हणजे यामाहाच्या आरडी३५०ची भारतीय आवृत्ती, घ्यायला निघालेला माणूस आधी विचारतो, हाय टॉर्क की लो टॉर्क, म्हणजे इंजिन जास्त ताकदीचं की नंतरचं कमी ताकदीचं. त्यानंतरचा प्रश्न पुढच्या चाकाचा असतो. ड्रम आहे तसा ठेवायचा की डिस्क बसवायची? आणि बसवायचीच, तर फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारी नळ्यांची जोडी, कोणत्या गाडीचा? अलीकडे त्यात आरटीओचा आणि 'व्हिंटेज' दर्जाचा प्रश्न मिसळल्यानं वाद जास्त गुंतला. त्याचं मूळ मात्र १९८३ सालच्या एका निर्णयात आहे.

त्याआधीचं थोडक्यात. टेलिस्कोपिक फोर्क १९३५मध्येच बीएमडब्ल्यूच्या आर१२वर आला होता, आणि मोठ्या संख्येनं खपणाऱ्या मोटरसायकलवर हायड्रॉलिक डिस्क आली ती १९६९च्या होंडा सीबी७५०वर. यामाहानं १९७३मध्ये आरडी३५० काढली तेव्हा आधीच्या आर५चा पुढचा ड्रम काढून तिथे डिस्क दिली. ३९ अश्वशक्तीची, हलकी, सहा गिअरची टू-स्ट्रोक गाडी. तिला तसाच ब्रेक लागणार होता. म्हणजे या इंजिनाशी डिस्कची जोडी पहिल्यापासूनची आहे. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचा सगळा वाद 'मूळ' या एका शब्दाभोवती फिरतो.

१९८३मध्ये तीच गाडी राजदूत नावानं भारतात आली. जपानी कंपनी तोवर १९८०च्या वॉटर-कूल्ड मॉडेलवर पोचली होती. आपल्या वाट्याला १९७५च्या आरडी३५०बीचा आराखडा आला, तोही उतरवून. इंजिनाची ताकद हाय टॉर्कमध्ये ३०.५ आणि नंतरच्या लो टॉर्कमध्ये साधारण २७ अश्वशक्ती. मायलेजसाठी ही काटछाट झाली, हे समजण्यासारखं आहे. पण त्याच फेरीत पुढची डिस्कही गेली आणि तिच्या जागी ट्विन लीडिंग शू ड्रम आला.

या निर्णयाच्या बाजूनं दोन गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. एक, किंमत: राजदूत ३५० तेव्हाच्या बाजारात आधीच महाग होती, आणि डिस्कचे सुटे भाग आयात करावे लागले असते. दुसरी, दुरुस्ती: तालुक्याच्या गावातल्या मेकॅनिकला लायनर (ड्रमला घासणारं अस्तर) बदलता येत होते, मास्टर सिलिंडरचे (लिव्हर दाबल्यावर ब्रेकचं तेल ढकलणाऱ्या भागाचे) रबर सील त्यानं पाहिलेलेही नव्हते. दोन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. पण भारतात त्या काळी डिस्क शक्यच नव्हती, हे जे ठोकून सांगितलं जातं, ते खरं नाही. त्याच दशकात एन्फिल्डची फ्युरी १७५ ब्रेम्बोची हायड्रॉलिक डिस्क घेऊन आपल्या रस्त्यावर आली होती. ती फारशी चालली नाही, हा भाग वेगळा. राजदूतच्या निम्म्या सीसीच्या गाडीला डिस्क परवडली, एवढं मात्र त्यातून दिसतं. म्हणून तंत्रज्ञानच नव्हतं असं म्हणण्यापेक्षा खर्च वाचवायचा ठरला आणि तो नको त्या जागी वाचवला गेला, असं म्हणणं जास्त प्रामाणिक आहे.

नको ती जागा का, ते टू-स्ट्रोक चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. थ्रॉटल सोडला तरी ही गाडी फोर-स्ट्रोकसारखी मागे खेचत नाही, इंजिन ब्रेकिंग जवळपास नाहीच. त्यात ऑटोल्युबचा, म्हणजे इंजिनाला आपोआप तेल पुरवणारा, पंप थ्रॉटलला जोडलेला, त्यामुळे थ्रॉटल बंद ठेवून खालच्या गिअरवर लांब उतार उतरलं तर इंजिनाला तेल कमी पडण्याची भीती. मग खंडाळा असो, कसारा असो की आंबोली, उतरताना सगळा भार दोन ड्रमवर. ड्रम तापला की लायनरची पकड कमी होते आणि लिव्हर हँडलला टेकायला लागतो. 'रॅपिड डेथ' हे टोपणनाव गाडीला पिकअपमुळे पडलं म्हणतात; थांबण्याचा वाटा त्यात किती, ते जुन्या चालकांनाच ठाऊक.

तरीही ड्रमची बदनामी पूर्णपणे न्याय्य नाही. ट्विन लीडिंग शू ही चांगली रचना आहे. दोन्ही शू चाकाच्या फिरण्याच्या दिशेनं आत ओढले जातात आणि ड्रमवर स्वतःहून घट्ट बसतात, त्यामुळे बोटांच्या जोरापेक्षा जास्त ब्रेक मिळतो. अट एकच: शू बाहेर ढकलणारे दोन्ही कॅम एका क्षणी फिरले पाहिजेत. ते काम बाहेरची जोडदांडी करते, आणि तिची लांबी अचूक जुळवणारे कारागीर तेव्हाही मोजके होते. ती चुकली की एक शू काम करतो, दुसरा नुसता सोबतीला. दुसरी गोष्ट आऱ्यांची. नव्यानं आरे भरून चाक ताणलं की ड्रम किंचित लंबगोल होतो. त्यामुळे लेथवर ड्रम घासून गोल करायचा तर रीम आणि आऱ्यांसकट, चाक पूर्ण बांधलेलं असताना. सुटा ड्रम लेथवर घासून मग आरे भरले, तर केलेलं काम फुकट. या दोन गोष्टी नीट केलेली राजदूत पहिल्या दोन-तीन जोरदार ब्रेकना उत्तम थांबते. प्रश्न त्यापुढच्या ब्रेकचा असतो.

नव्वदच्या दशकात डिस्क लावायची तर जपानी आरडीचा अस्सल संच मिळवायचा, एवढाच मार्ग होता. फोर्कचे खालचे पाय, हब, डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारा कॅलिपर, सगळं बाहेरून. शर्यतीच्या गाड्या सोडल्या तर ते कुणाच्या आवाक्यात नव्हतं. चित्र पालटलं ते १९९९च्या सीबीझेडनं. २४० मिलिमीटरची डिस्क असलेली देशी गाडी आली, मग २००१मध्ये पल्सर, २००३मध्ये २७६ मिलिमीटर डिस्कची करिझ्मा. चार-पाच वर्षांत हे भाग जुन्या बाजारात आणि भंगारात पोचले, आणि राजदूतवर डिस्क ही हौस न राहता आठवड्याभरात होणारं गॅरेजचं काम झालं.

इथेच ब्रेकचा प्रश्न फोर्कचा झाला. राजदूतच्या फोर्कच्या पायावर ड्रमची प्लेट अडकवायला खाच आहे, कॅलिपर बसवायला कान नाहीत. काहींनी ॲल्युमिनियमच्या पायावर पट्टी वेल्ड करून कॅलिपर टांगले. हा प्रकार धोक्याचा होता, आहे, आणि अजूनही कुठे कुठे चालतो. शहाण्यांनी अख्खा फोर्कच बदलला. राजदूतची नळी ३४ मिलिमीटरची, पल्सर २२०ची ३७. 'टी'सकट (दोन्ही नळ्या एकत्र धरणाऱ्या जोडासकट) संच घ्यायचा आणि कोनसेट (हँडल वळतं तिथलं बेअरिंग) जुळवून मूळ चॅसिसवर बसवायचा. २०१२मध्ये ड्यूक २०० आल्यावर ४३ मिलिमीटरचा उलटा फोर्क आणि ३०० मिलिमीटरची डिस्कही या खेळात आली.

दिसायला झकास. पण फोर्क आखूड पडला की गाडीचं नाक खाली येतं, स्टिअरिंगचा कोन उभा होतो आणि गाडीला सरळ ठेवणारा ट्रेल (स्टिअरिंगची रेषा जमिनीला जिथे भेटते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) कमी होतो. मूळ १८ इंची रीमच्या जागी १७ इंची आली की आणखी खाली. शहरात गाडी चपळ वाटते, हायवेवर वेग वाढला की हँडल थरथरतं. शिवाय 'टी'चा ऑफसेट, म्हणजे नळ्या स्टिअरिंगच्या पुढे किती आहेत ते अंतर, प्रत्येक गाडीचा वेगळा. मास्टर सिलिंडर एका गाडीचा आणि कॅलिपर दुसऱ्या गाडीचा घेतला, तर पिस्टनचं प्रमाण बिघडून लिव्हर एकतर दगड होतो नाहीतर लोण्यासारखा. चांगली बांधलेली डिस्कवाली राजदूत मूळ ड्रमपेक्षा नक्कीच सुरक्षित असते. वाईट बांधलेली तिच्याहून घातक, आणि रस्त्यावर अशांचीच संख्या नजरेत भरते.

कायद्याची बाजू तोवर कुणी विचारत नव्हतं. १९८८च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम ५२ आधी सैल होतं. नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी घेऊन बदल करता येत. २०००च्या दुरुस्तीनं ते आवळलं गेलं. नोंदणीपत्रातला तपशील निर्मात्यानं मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येणार नाही, अशी भाषा आली. जानेवारी २०१९मध्ये केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं त्याच भाषेवर शिक्कामोर्तब केलं आणि हौशी मंडळींत घबराट उडाली. गंमत अशी की नोंदणीपत्रात इंजिन क्रमांक, चॅसिस क्रमांक, रंग, सीसी, वजन, व्हीलबेस असतं. ब्रेक ड्रम की डिस्क, हे नसतं. म्हणून काहींच्या मते ब्रेक या कलमात येतच नाही. इतरांच्या मते निकालाचा रोख निर्मात्याच्या मंजूर नमुन्यावर आहे, कागदावरच्या रकान्यावर नाही. दुसरं वाचन सावध माणसाला पटणारं आहे. पण मग विचित्र गोष्ट होते: आराखडा जपानी, त्याला डिस्क, निर्माता इथला, त्यानं दिला ड्रम. जपानी आरडीची अस्सल डिस्क लावणारा माणूस आराखड्याच्या जवळ जातो आणि कायद्याच्या लेखी मूळ गाडीपासून दूर. त्याच २०१९च्या १ एप्रिलपासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. नव्या गाडीला डिस्कही अपुरी, जुनीला मात्र तीच अडचणीची.

जुलै २०२१च्या केंद्रीय अधिसूचनेनं आणखी एक पदर जोडला. ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी वा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं, पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि रोजच्या वापराला मनाई. मोठा बदल झालेली गाडी यात बसत नाही, आणि मोठ्या बदलाच्या व्याख्येत चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांची नावं घेतलेली आहेत. फोर्क आणि ब्रेक तिथे नाहीत. म्हणून डिस्क चालेल असं म्हणणाऱ्यांना आधार आहे. पण 'मूळ स्वरूप' हे शब्दही त्याच नियमात आहेत, आणि गाडी पाहून निर्णय देणार राज्याची समिती.

पहिल्या राजदूत ३५० पन्नाशी गाठतील २०३३मध्ये. तोवर काय करायचं याचं जाणकार गॅरेजवाल्यांचं उत्तर व्यवहारी आहे. चॅसिसला ग्राइंडर लावायचा नाही, नवा फोर्क मूळ हेडस्टॉकमध्ये (चॅसिसच्या पुढच्या, स्टिअरिंग फिरतं त्या नळीत) बुश घालून बसेल तोच घ्यायचा, आणि काढलेलं ड्रमचं चाक, फोर्क, 'टी', केबल यातलं काहीही विकायचं नाही. मागे हे भाग वजनावर भंगारात गेले. आता तेच शोधत लोक फिरतात, आणि विकणाऱ्याला भावही ठाऊक झालाय.