पान प्रकाशित आहे, तरी उघडत का नाही?

आमच्या होस्टिंग ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ऐन एप्रिलात रत्नागिरीच्या एका आंबा बागायतदारांचा सकाळीच फोन आला. "हापूसचं पान उघडत नाहीये. गिऱ्हाईक ऑर्डर द्यायला येतंय आणि माघारी जातंय." आम्ही पाहिलं, तर वर्डप्रेसमध्ये, म्हणजे साइट चालवणाऱ्या प्रणालीत, पान व्यवस्थित प्रकाशित होतं. मुखपृष्ठ उघडत होतं, संपर्काचं पान उघडत होतं. फक्त हापूसच्या पानावर कोरा पांढरा पडदा आणि '४०३ फॉरबिडन' (प्रवेशाला मनाई) एवढीच अक्षरं. आदल्या रात्री त्यांच्या भाच्याने दोन प्लगइन (साइटला जोडलेली छोटी साधनं) काढून पुन्हा टाकले होते, थीमही बदलून पाहिली होती.

दोष तिथे नव्हताच. आठवड्यापूर्वी पेट्यांचे फोटो फाइल मॅनेजरमधून थेट सर्व्हरवर चढवताना 'हापूस' याच नावाचं फोल्डर तयार झालं होतं. फोल्डरचं नाव बदललं आणि पान लगेच परत आलं. हंगामातला एक दिवस मात्र गेला. तसा दिवस तुमचा जाऊ नये, म्हणून हे पत्रक.

पत्ता आधी सर्व्हरच्या हातात पडतो

ब्राउझरमध्ये टाकलेला पत्ता थेट वर्डप्रेसकडे जात नाही. तो आधी वेब सर्व्हरकडे, म्हणजे अपाची, लाइटस्पीड किंवा एनजिनएक्सकडे जातो. वर्डप्रेसच्या एचटीॲक्सेस (.htaccess) या नियमांच्या फाइलमधला नियम सर्व्हरला सांगतो, की या नावाची खरी फाइल किंवा खरं फोल्डर असेल तर तेच दे, नसेल तरच वर्डप्रेसला विचार. नियम योग्यच आहे. तो नसता तर साध्या फोटोसाठीही दरवेळी वर्डप्रेसला उठवावं लागलं असतं. पण वर्डप्रेसचं पान हे फोल्डर नसतं, ती डेटाबेसमधली नोंद असते. त्यामुळे त्याच नावाचं खरं फोल्डर आलं, की सर्व्हर तिथेच थांबतो. आत इंडेक्स फाइल (फोल्डर उघडताच दाखवायची फाइल) नसेल आणि यादी दाखवायला मनाई असेल, तर ४०३. मनाई नसेल तर आतल्या सगळ्या फाइलींची यादी जगाला दिसते, आणि ते आम्हाला जास्त काळजीचं वाटतं.

दुसरा प्रकार याहून फसवा आहे. अपाचीच्या बऱ्याच मांडण्यांत काही नावं सर्व्हरने स्वतःसाठी राखलेली असतात. 'आयकॉन्स' हे त्यातलं नेहमीचं. फाइलींच्या यादीशेजारची छोटी चित्रं सर्व्हर तिथून काढतो. तुम्ही स्वतःच्या साइटमध्ये 'आयकॉन्स' फोल्डर केलं, तर फाइल जागेवर असूनही ४०४ ('सापडलं नाही') येतो, कारण सर्व्हर तुमच्या फोल्डरकडे बघतच नाही, स्वतःच्या फोल्डरमध्ये शोधतो. खात्री करायची असेल, तर त्या फोल्डरमध्ये एका ओळीची साधी टेक्स्ट फाइल ठेवा आणि ब्राउझरमध्ये तिचा पत्ता टाका. तीही सापडली नाही, तर रस्ता वरच वळवलेला आहे. सीपॅनल या होस्टिंग सांभाळायच्या पॅनेलच्या सर्व्हरवर 'वेबमेल' आणि 'सीपॅनल' ही नावंही अशीच अडलेली असतात. पानाला ती देऊच नका.

उत्तर कोणी दिलं, ते ओळखा

काहीही बदलण्याआधी एवढं करा. तुमच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन वाटेल ते निरर्थक नाव टाका. तुमचा लोगो आणि मेनू असलेलं 'पान सापडलं नाही' आलं, तर ते वर्डप्रेसचं उत्तर. आता अडलेलं पान उघडा. तिथे लोगो नसलेला कोरा पडदा आला, तर वर्डप्रेसपर्यंत निरोप पोचलेलाच नाही, आणि प्लगइन काढून-घालून काही होणार नाही.

मुखपृष्ठ चालतं पण आतलं प्रत्येक पान ४०४ देतं, हा आजार वेगळा. बहुधा एचटीॲक्सेस फाइल उडालेली असते. सेटिंग्जमध्ये पर्मालिंकच्या (पानांच्या कायम पत्त्यांच्या) पानावर जाऊन, काही न बदलता, 'बदल जतन करा' दाबा. वर्डप्रेस फाइल पुन्हा लिहून देतं. नुकतेच एनजिनएक्सवर आला असाल तर याने फरक पडणार नाही, कारण एनजिनएक्स ती फाइल वाचतच नाही. तिथले नियम आम्हाला सर्व्हरवर लिहावे लागतात.

तपासताना खाजगी विंडो वापरा. ३०१ ने, म्हणजे कायमचा म्हणून, वळवलेला पत्ता ब्राउझर लक्षात ठेवतो, आणि दुरुस्ती झाल्यावरही जुन्याच जागी नेतो.

मराठी पत्त्यांबद्दल थोडं

शीर्षक मराठीत असेल तर वर्डप्रेस पत्ताही देवनागरीत बनवतं. वाचायला छान वाटतो, पण आतमध्ये प्रत्येक अक्षर, काना आणि मात्रा ९ चिन्हांत साठते आणि मर्यादा २०० चिन्हांची आहे. म्हणजे साधारण २२ अक्षर-मात्रांनंतर पत्ता कापला जातो. एकाच सुरुवातीची दोन लांब शीर्षकं असतील तर दोन्ही पत्ते सारखेच होतात आणि दुसऱ्याला शेपटी म्हणून '-२' लागतं. छापील पत्रिकेवर किंवा पेटीवर पत्ता द्यायचा असेल, तर रोमन लिपीतलं छोटं नाव स्वतः टाका, आमचा आग्रह आहे.

फोल्डरचं नाव बदलण्यापूर्वी

त्यातले फोटो इतर पानांवर लावले असतील तर त्यांचे दुवे तुटतील. आधी ते शोधा. यापुढे फोटो मीडिया लायब्ररीतूनच चढवा. ते वर्ष-महिन्याच्या फोल्डरमध्ये जातात आणि कुठल्याही पानाच्या वाटेत येत नाहीत. टिंबाने सुरू होणारं 'वेल-नोन' नावाचं फोल्डर दिसलं तर हात लावू नका. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेचं सुरक्षा प्रमाणपत्र नव्याने घेताना तपासणी बहुतेक वेळा तिथूनच होते.

अडलात तर आम्हाला कळवा: पूर्ण पत्ता, पडद्याचा फोटो, गेल्या आठवड्यात काय चढवलं किंवा बदललं, आणि पान उघडून पाहिल्याची नेमकी वेळ. वेळ मिनिटापर्यंत दिलीत, तर सर्व्हरच्या एरर लॉगमधली (चुकांच्या नोंदवहीतली) तुमची ओळ आम्ही लगेच काढू शकतो.